डॉ. वसंत रामजी खानोलकर

निपाणी म्हटले की तंबाखू, हे आपल्या सीमाभागात कुणाला सांगावे लागत नाही. तंबाखूच्या वखारी, विड्या वळणाऱ्या बायका, १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन हे सारे आपल्या ऐकण्यातले. इकडे लोंढ्याकडेही आजोबांच्या चंचीत पानाबरोबर तंबाखू आणि चुन्याची डबी असायचीच. म्हणून यावेळी ओळख डॉ. खानोलकरांची. आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचे, म्हणजे आपल्याला परके नाही.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडनला शिकून १९२३ मध्ये ते पॅथॉलॉजीत एम.डी. झाले. शरीरातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखणे हे या शास्त्राचे काम. रोगी बरा झाला की नाव होते ते सर्जनचे; तपासणाऱ्याला रोगी बहुधा पाहतही नाही. मुंबईत त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या.

तिथे येणाऱ्या काही रोग्यांचे दुखणे चमत्कारिक होते. कर्करोग आहे हे तपासणीत कळे, पण तो त्याच जागी का, हे विलायती पुस्तकांत सापडत नसे. एखाद्याच्या कमरेच्या कातडीवर, एखादीच्या टाळूला, कुणाच्या खालच्या ओठाच्या आत. काश्मीरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांना पोटाच्या कातडीचा कर्करोग होतो, एवढे आधीपासून माहीत होते. खानोलकरांनी तोच धागा पुढे नेला. रोगी नेसतो काय, खातो काय, तंबाखू घेतो कशी, हे त्यांनी तपासणीचाच भाग मानले.

उत्तरे साधी निघाली. धोतर कमरेला जिथे घट्ट आवळले जाते, तिथे वर्षानुवर्षे घासून कातडीचा रंग जातो, ती जाड होते आणि पुढे काहींना तिथेच कर्करोग होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढतात, बायका विशेष. त्यांचा रोग टाळूला. बिहारकडे खैनी चुन्यात मळून ओठाच्या आत धरतात, रोग नेमका तिथेच. डॉ. सूर्याबाईंसह त्यांनी हे १९४५ मध्ये प्रसिद्ध केले.

पुढे १९५५ मध्ये डॉ. संघवी आणि डॉ. राव यांच्यासह त्यांनी तंबाखू चघळणे व ओढणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. तंबाखूवर ज्यांच्या चुली पेटल्या, त्या आपल्या मुलखाला हे वाचणे सोपे नाही. पण त्यात शेतकऱ्याला किंवा विडी कामगाराला दोष दिलेला नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांनी तो आजार पाहिला आहे. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवून घ्यावी, एवढे मात्र घरच्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. कुष्ठरोगावर आणि रक्तगटांवरही त्यांनी काम केले. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.