खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : गोळेश्वर, तालुका कऱ्हाड, १५ जानेवारी १९२६, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुक्त शैलीच्या कुस्तीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक क्रीडाप्रकारात ऑलिंपिक पदक जिंकणारे ते पहिले खेळाडू होत. त्यांच्या आधी १९०० साली पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती, परंतु तो काळ ब्रिटिश अमलाचा होता. खाशाबांनंतरचे वैयक्तिक पदक भारताला १९९६ साली, लिअँडर पेस यांच्या रूपाने टेनिसमध्ये मिळाले. कुस्तीतील पुढच्या पदकासाठी तर २००८ पर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षे, वाट पाहावी लागली.

त्यांच्या कारकिर्दीत पदकाइतकाच महत्त्वाचा विषय त्यांच्या निवडीचा आहे. महाविद्यालयीन आखाड्यापासून राष्ट्रीय चाचणीपर्यंत त्यांना किमान दोनदा अपात्र ठरवण्यात आले, आणि दोन्ही वेळा तो निकाल त्यांनी आखाड्यात उतरूनच बदलून घेतला.

== बालपण व शिक्षण ==

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे खाशाबांचे गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात तालमीचे वातावरण असल्याने कुस्तीचे पहिले धडे त्यांना वडिलांकडूनच मिळाले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत चीत केल्याची हकिकत त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते. १९४० ते १९४७ या काळात त्यांचे शालेय शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. ही वर्षे ‘चले जाव’ आंदोलनाची व सातारा जिल्ह्यातील भूमिगत चळवळीची होती. विद्यार्थी असूनही खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याचे व निरोप पोहोचवण्याचे काम केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी, ऑलिंपिकच्या मैदानात तिरंगा फडकवायचा असा निश्चय त्यांनी केल्याचे सांगितले जाते.

== राजाराम महाविद्यालय ==

शालेय शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर हे त्या वेळी कुस्तीचे माहेरघर मानले जात असे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, पेठापेठांतील तालमींना बळ दिले आणि १९१२ साली खासबाग मैदान उभारले. गंगावेस, मोतीबाग यांसारख्या तालमींतून पंजाबपर्यंत नाव गाजवणारे मल्ल तयार होत होते. या शहरात पैलवानाची पारख करण्याची एक रूढ पद्धत होती. वस्ताद प्रथम अंगलोट पाहत : मानेचा घेर, छातीचा विस्तार, मांड्यांची भरणी, जोर-बैठकांची संख्या. त्यानंतर खुराक किती पचतो याची चौकशी होई. डाव पाहिले जात ते सर्वांत शेवटी.

या मोजमापात खाशाबा बसत नव्हते. ते अंगाने किरकोळ व ठेंगणे होते. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव नोंदवण्यास ते गेले, तेव्हा त्यांची शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घेण्यास नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांना भाग घेण्याची परवानगी दिली, आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड व अनुभवी प्रतिस्पर्ध्यांना एकापाठोपाठ एक पराभूत केले. क्रीडाशिक्षकांचा नकार प्रचलित पारखीला धरूनच होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. मातीवरच्या कुस्तीला तेव्हा वजनगटांची सवय नव्हती. जोड लावताना वजनापेक्षा नावलौकिक पाहिला जाई, आणि अशा कुस्तीत हलक्या मल्लाला फारसे भवितव्य नव्हते. ऑलिंपिकमध्ये मात्र हलक्या वजनाचे स्वतंत्र गट होते. कोल्हापूरच्या हौद्यात उणीव ठरणारी गोष्ट तेथे उणीव राहत नव्हती.

कोल्हापुरात बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. चपळता हा त्यांच्या कुस्तीचा पाया होता. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला अंगावरून फेकण्याचा ‘ढाक’ हा डाव त्यांचा हुकमी मानला जाई. लहान चणीत साठलेल्या या ताकदीमुळे पुढे त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ असे टोपणनाव पडले.

== लंडन ऑलिंपिक, १९४८ ==

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची फ्लायवेट (५२ किलो) गटात निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोपर्यंत खाशाबांची सारी कुस्ती तांबड्या मातीवर झालेली होती. मातीवर पाठ टेकली की निकाल लागतो. तोपर्यंत झालेल्या पकडी, सुटका, उचल यांचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि कुस्ती तासभर चालली तरी प्रेक्षकांची हरकत नसते. मॅटवर वेळेची मर्यादा होती, पंच गुणांकन करत होते, आणि पाय पुढे टाकताना माती जशी घट्ट धरून ठेवते तसे तेथे होत नव्हते. नियमांची ओळख त्यांना बहुतांशी लंडनमध्येच झाली. तेथे परदेशी प्रशिक्षक रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचे बिली जर्निगन यांना खाशाबांनी हरवले. इराणचे मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र ते पराभूत झाले. त्यांना सहावा क्रमांक मिळाला. मॅटचा पूर्वानुभव नसलेल्या खेळाडूच्या दृष्टीने ही कामगिरी उल्लेखनीय होती.

पुढील चार वर्षे त्यांनी सराव वाढवला आणि एक गट वर, बँटमवेट (५७ किलो) गटात, जाण्याचा निर्णय घेतला.

== हेलसिंकीसाठीची निवड ==

लंडनमधील सहाव्या क्रमांकानंतर १९५२ च्या संघात त्यांना सहज स्थान मिळेल अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी एक गुण कमी दिला आणि त्या एका गुणामुळे आपली निवड हुकली, असा खाशाबांचा आक्षेप होता. पदाधिकाऱ्यांनी पक्षपात केल्याचा आरोपही त्यांनी केला.

त्या काळातील निवडपद्धतीत अशा तक्रारीला जागा होती. आजच्याप्रमाणे चित्रफीत पाहून निकाल तपासण्याची सोय नव्हती. गुण देण्याचे काम मूठभर पंचांच्या डोळ्यांवर अवलंबून असे. मातीच्या कुस्तीत वाढलेल्या अनेक पंचांनाही गुणपद्धती नवीच होती. एखादी पकड पूर्ण झाली की अर्धवट सुटली, खांदा मॅटला लागला की नाही, या निर्णयावर चार वर्षांची तयारी फुकट जाऊ शकत होती. त्यात प्रांतिक संघटनांची ओढाताण असे. कोल्हापूरचा मल्ल मद्रासमध्ये खेळत असताना त्याच्या बाजूने बोलणारे कोणी अधिकारपदावर असेलच, अशी खात्री नव्हती.

खाशाबांनी पतियाळाचे महाराजा यादविंद्रसिंग यांच्याकडे दाद मागितली. महाराजा त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि पतियाळा संस्थानाला कुस्तीची जुनी परंपरा होती. खाशाबांनी संघातील जागा मागितली नाही. पुन्हा लढण्याची संधी मागितली. चाचणी पुन्हा घेण्यात आली, खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला निर्विवादपणे आसमान दाखवले आणि त्यांचे नाव संघात आले. गुणांच्या हिशेबावर वाद होऊ शकतो, पाठ टेकल्यावर होत नाही. मातीच्या कुस्तीचा जुना नियम येथे त्यांच्या उपयोगी पडला.

=== खर्चाची तजवीज ===

निवड झाली तरी हेलसिंकीला जाण्याचा खर्च खेळाडूने स्वतः उभा करायचा होता. मुंबई राज्य सरकारकडे केलेल्या विनंतीला वेळेत प्रतिसाद मिळाला नाही. गोळेश्वर व आसपासच्या गावांत घरोघरी फिरून वर्गणी गोळा करण्यात आली. कोणी रोख रक्कम दिली, कोणी प्रवासात लागणारे जिन्नस दिले. तरीही रक्कम अपुरी पडली. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने आपल्या माजी विद्यार्थ्याच्या गुणवत्तेवर लावलेली ही पैज होती, आणि त्या काळच्या सात हजारांचे मोल लक्षात घेता ती लहान नव्हती.

== हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२ ==

मुक्त शैलीच्या कुस्त्या २० ते २३ जुलै १९५२ या काळात हेलसिंकीच्या मेसुहाली या सभागृहात झाल्या. त्या वेळी आजच्यासारखी सरळ बाद फेरी नव्हती. प्रत्येक कुस्तीनंतर मल्लाच्या खात्यात दोषगुण जमा होत : चीतपट विजयाला शून्य, गुणांवरच्या विजयाला थोडे, पराभवाला अधिक. ठरावीक मर्यादा ओलांडणारा बाहेर पडे आणि उरलेले मल्ल पदकांसाठी आपसांत लढत. या पद्धतीत चीतपट कुस्ती करणाऱ्याचा फायदा होता.

खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन व मेक्सिकोचे लिओनार्डो बासुर्तो यांना चीत केले. जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांच्याविरुद्धची कुस्ती अटीतटीची झाली. तीन पंचांपैकी दोघांनी खाशाबांच्या बाजूने कौल दिला. या विजयाने ते अखेरच्या तिघांत पोहोचले. उरलेले दोघे होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामदबेयोव्ह.

इशी यांच्याबरोबरची लढत पूर्ण वेळ चालली आणि खाशाबा ती हरले. या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता मामदबेयोव्ह यांच्याविरुद्ध उतरवण्यात आले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून देण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या क्षणी तेथे उपस्थित नव्हता. इंग्रजीत व तेही पंचांसमोर वाद घालण्याची जबाबदारी थकलेल्या खेळाडूवर येऊन पडली. खाशाबा ती कुस्तीही हरले. इशी यांना सुवर्ण, मामदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२.

याच स्पर्धेत कोल्हापूरच्याच तालमीत वाढलेले केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. एका शहराचे दोन मल्ल एकाच ऑलिंपिकमध्ये पदकाच्या इतके जवळ पोहोचावेत, हा योगायोग म्हणता येत नाही; त्यामागे चार दशकांची तालीमपरंपरा होती. देशभरात मात्र चर्चा झाली ती हॉकीच्या सुवर्णपदकाची. कुस्तीच्या कांस्यपदकाची दखल त्या मानाने पुष्कळच कमी घेतली गेली.

== स्वागत व कर्जफेड ==

महाराष्ट्रात, विशेषतः गावी, चित्र वेगळे होते. खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाड ते गोळेश्वर अशी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशे व फटाक्यांच्या गजरात एरवी अल्पावधीत कापला जाणारा हा रस्ता पार करायला कित्येक तास लागले.

मिरवणूक ओसरल्यावर त्यांनी हाती घेतलेले पहिले काम प्राचार्यांच्या घरावरील कर्ज फेडण्याचे होते. त्यासाठी त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः त्यांत लढले, आणि मिळालेल्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. ऑलिंपिक पदकविजेत्याने उसनवारी फेडण्यासाठी जत्रेतल्या मैदानात उतरावे, यात त्या काळी कोणाला वावगे वाटल्याचे दिसत नाही.

== पोलीस सेवा ==

१९५५ साली खाशाबा मुंबई राज्याच्या पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या अंतर्गत स्पर्धांत त्यांनी अनेक विजय मिळवले व पुढे क्रीडाप्रशिक्षक म्हणूनही काम पाहिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी सुरू असताना गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसऱ्या ऑलिंपिकची आशा संपली. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पदोन्नतीसाठी त्यांना दीर्घकाळ थांबावे लागले आणि निवृत्तिवेतनासाठीही खेटे घालावे लागले. उत्तरायुष्य आर्थिक ओढाताणीत गेले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या मशालदौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

== सन्मान ==

* महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार (मरणोत्तर), १९९२–९३
* अर्जुन पुरस्कार (मरणोत्तर), २०००
* दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव, २०१०. त्याच वर्षीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतील कुस्त्या येथे झाल्या.
* जन्मदिनानिमित्त गूगलचे विशेष डूडल, १५ जानेवारी २०२३

हयातीत त्यांना कोणताही पद्म पुरस्कार मिळाला नाही. तो मरणोत्तर मिळावा यासाठी कुटुंबीयांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. संजय दुधाणे यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी त्यांच्या जीवनावरील ‘खाशाबा’ या चित्रपटाची घोषणा केली. गोळेश्वर येथील त्यांचे घर ‘ऑलिंपिक निवास’ या नावाने ओळखले जाते.