डॉक्टर न झालेला एल्टन मेयो

एचआरमध्ये जायचं ठरलंय, पण ग्रॅज्युएशनला विषय कोणता घ्यायचा? बीबीए, सायकॉलॉजी, कॉमर्स की आणखी काही? हा प्रश्न डोक्यात घोळत असेल, तर ज्याच्या नावावर एचआरच्या अभ्यासक्रमात अख्खा धडा आहे त्याने कोणते विषय घेतले आणि कोणते सोडले, हे एकदा वाचाच.

आजोबा शहरातले नावाजलेले सर्जन. मोठी बहीण मेडिकलला, तीही मन लावून शिकणारी. त्यामुळे घरातला थोरला मुलगा डॉक्टर होणार हे सगळ्यांनी जवळपास गृहीतच धरलेलं. वाचून लातूरचं किंवा पुण्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आलं ना? पण हे घर होतं ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातलं आणि काळ होता १९०० च्या आसपासचा. मुलाचं नाव जॉर्ज एल्टन मेयो, जन्म २६ डिसेंबर १८८०.

बीकॉम, बीएमएस, बीबीए करणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. हॉथॉर्न प्रयोग आणि मानवी संबंधांचा दृष्टिकोन यावर टीप लिहिताना ते हमखास येतं. पण त्या टिपेत एक गोष्ट सहसा नसते. हा माणूस मॅनेजमेंट शिकलाच नव्हता. मेडिकल शिकायला गेला, तेही त्याने सोडलं. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या शहरांत!

थोरल्याकडून अपेक्षा

एल्टनने आधी ॲडलेड विद्यापीठात मेडिकलला प्रवेश घेतला. मन रमेना. १९०१ नंतर तो एडिंबराला गेला. तिथेही तेच. मग लंडनचं मेडिकल कॉलेज झालं. कॉलेज बदललं, शहर बदललं, देश बदलला, पण विषय तोच राहिला आणि कंटाळाही तोच.

इकडे बहीण हेलन १९०२ मध्ये डॉक्टर झालीसुद्धा. ॲडलेड विद्यापीठातून मेडिकलची पदवी मिळवणारी ती दुसरी स्त्री. पुढे तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी तिने जे काम उभं केलं, त्यासाठी ऑस्ट्रेलियात तिचं नाव आजही आदराने घेतात. धाकटा भाऊ हर्बर्ट न्यायाधीश झाला. अशा घरात विशी ओलांडलेल्या, हातात डिग्री नसलेल्या थोरल्या मुलाचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. नातेवाईकांचे प्रश्न सगळीकडे सारखेच असतात.

१९०३ मध्ये एल्टन पश्चिम आफ्रिकेत जाऊन आला. लंडनला परतल्यावर मासिकांसाठी लेख लिहायचा आणि वर्किंग मेन्स कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. हे कॉलेज १८५४ मध्ये खास कामगारांसाठी सुरू झालेलं. दिवसभर कष्ट करून संध्याकाळी वर्गात येऊन बसणारी माणसं इथे त्याच्यासमोर होती. १९०५ मध्ये तो ॲडलेडला परत आला आणि एका छापखान्यात भागीदार झाला. बायोडेटा म्हणून हे सगळं एका कागदावर मांडलं, तर आजचा कुठलाही रिक्रूटर भुवया उंचावेल. सलग असं काहीच नाही.

पुन्हा कॉलेजात

१९०७ मध्ये वयाच्या २६व्या वर्षी एल्टन पुन्हा ॲडलेड विद्यापीठात दाखल झाला. या वेळी विषय घेतले फिलॉसॉफी आणि सायकॉलॉजी. शिकवायला होते विल्यम मिचेल. आणि जो मुलगा तीन ठिकाणी टिकला नव्हता, त्याने सायकॉलॉजीचं बक्षीस पटकावलं आणि ऑनर्ससह बीए पूर्ण केलं. तोवर १९१० उजाडलं होतं आणि तो तिशीला टेकला होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा एचआरची डिग्री नावाचा प्रकारच नव्हता. सायकॉलॉजीसुद्धा बऱ्याच ठिकाणी फिलॉसॉफीच्याच छत्राखाली शिकवली जायची. म्हणजे स्कोप बघून विषय निवडायची सोय एल्टनला नव्हती. माणसाचं मन कसं चालतं हे त्याला जाणून घ्यायचं होतं. बस्स, एवढंच.

लगेच १९११ मध्ये ब्रिस्बेनला नव्याने सुरू झालेल्या क्वीन्सलँड विद्यापीठात त्याला शिकवायची नोकरी मिळाली. १९१९ मध्ये तो तिथला फिलॉसॉफीचा पहिला प्रोफेसर झाला. दरम्यान पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं. युद्धावरून परतलेले कित्येक सैनिक शरीराने धडधाकट दिसायचे, पण मनाने कोलमडलेले असायचे. ब्रिस्बेनमधले डॉक्टर मॅथ्यूसन यांच्यासोबत मेयोंनी अशा सैनिकांवर उपचार केले. हे उपचार म्हणजे मुख्यतः समोरच्याला बोलू देणं. सोडलेलं मेडिकल असं वेगळ्याच दाराने परत आलं. त्याच काळात ते कामगारांच्या शिक्षण संघटनेसाठी व्याख्यानंही देत होते.

चाळीस जणांसाठी शंभर

१९२२ मध्ये बायको आणि दोन मुलींना मागे ठेवून मेयो एकटेच बोटीने अमेरिकेला निघाले. तिथे पक्की नोकरी वाट बघत नव्हती. वय ४१. पुढे रॉकफेलरच्या पैशातून त्यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं आणि ते फिलाडेल्फियातल्या एका कापडगिरणीत पोचले.

गिरणीतल्या बाकीच्या खात्यांमध्ये वर्षाला शंभरातले पाच-सहा जण नोकरी सोडायचे. सूतकताईच्या खात्यात मात्र चाळीस जागा भरलेल्या ठेवायला वर्षाला शंभरेक माणसं घ्यावी लागायची. आजच्या एचआरच्या भाषेत ॲट्रिशन २५० टक्के! बोनसची आमिषं दाखवून झाली होती, उपयोग शून्य.

मेयोंनी एका नर्सच्या मदतीने कामगारांना बोलतं केलं. बोललेलं मालकापर्यंत जाणार नाही, ही हमी आधी दिली. मग कळलं की यंत्रासमोर दिवसभर फेऱ्या मारून पाय भरून येतात, अंतर आणि आवाजामुळे शेजारच्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत आणि एकटेपणात डोक्यात नको ते विचार फिरत राहतात. उपाय साधा निघाला. सकाळी दोनदा, दुपारी दोनदा दहा-दहा मिनिटं चक्क आडवं पडून विश्रांती. उत्पादन वाढलं, सोडून जाणं थांबलं. मध्येच कामाची घाई आली म्हणून सुपरवायझरांनी विश्रांती बंद केली, तर उत्पादन लगेच घसरलं. शेवटी गिरणीच्या प्रमुखाने स्वतः लक्ष घालून ती परत सुरू केली. पुढे तर विश्रांती कधी घ्यायची हे कामगारांनाच ठरवू दिलं.

प्रश्न बाजूला ठेवले तेव्हा

या कामामुळे १९२६ मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचं बोलावणं आलं आणि १९२८ मध्ये मेयो शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात गेले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा कारखाना टेलिफोनचं साहित्य बनवायचा. दिव्यांचा उजेड वाढवला-कमी केला की कामावर काय परिणाम होतो, याचे प्रयोग तिथे १९२४ पासूनच सुरू होते. १९२७ पासून सहा मुलींच्या एका गटाला वेगळ्या खोलीत बसवून विश्रांती, कामाचे तास आणि पगाराची पद्धत बदलून बघणंही चालू होतं. म्हणजे हॉथॉर्नचे प्रयोग मेयोंनी सुरू केले नाहीत. आकडे जमा झाले होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. तो लावायला कंपनीला माणसांचा अभ्यास केलेलं कुणीतरी हवं होतं.

मेयोंचा ठसा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो कामगारांच्या मुलाखतींवर. १९२८ ते १९३० या काळात कंपनीने २१ हजारांहून जास्त जणांशी बोलून घेतलं. सुरुवातीला प्रश्न ठरलेले असायचे, पण लोक विषय सोडून भलतंच बोलत बसायचे. मग प्रश्नच बाजूला ठेवले. सांगणाऱ्याला हवं ते सांगू द्यायचं, वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, मध्ये तोडायचं नाही. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. ब्रिस्बेनच्या सैनिकांसमोर बसून जे मेयो शिकले होते, तेच शिकागोच्या कारखान्यात कामी आलं.

एका टीममध्ये किती डिग्र्या!

आता करिअरच्या प्रश्नाकडे येऊ. मेयोंचे जवळचे सहकारी फ्रिट्झ रोथलिसबर्गर इंजिनीअरिंग शिकून केमिस्ट म्हणून काम केलेले आणि नंतर फिलॉसॉफीकडे वळलेले. हॉथॉर्नवरचं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक त्यांनी कंपनीतल्या विल्यम डिक्सन यांच्यासोबत १९३९ मध्ये काढलं. लॉइड वॉर्नर मानववंशशास्त्राचे. हार्वर्डमध्ये मेयोंच्या पाठीशी उभे राहिलेले हेंडरसन बायोकेमिस्ट. एचआरचा पाया म्हणून आपण ज्या कामाचा अभ्यास करतो, त्यात एचआरची डिग्री एकाकडेही नव्हती. खुद्द मेयोंकडे पीएचडीसुद्धा नव्हती.

राहून गेलेला विषय

याचा अर्थ डिग्री कुठलीही चालते असा काढू नका. कारण मेयोंच्या कामावर पुढे जी टीका झाली, ती नेमकी याच ठिकाणी बोट ठेवते. त्यांनी मन पाहिलं, पण पगाराकडे आणि कामगार संघटनांकडे पुरेसं पाहिलं नाही, असं टीकाकार म्हणतात. कामगाराच्या तक्रारीमागे मनातली खदखद असू शकते, तसं खरंच कमी मिळणारं वेतनही असू शकतं. त्या सहा जणींच्या खोलीतल्या दोघींना जास्त बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून १९२८ च्या जानेवारीत बदलण्यात आलं होतं, ही गोष्टही टिपेत येत नाही. नुसतं ऐकून घेणं आणि माणसाच्या हातात काही पडणं यात फरक आहे. तो कळायला सायकॉलॉजीच्या जोडीला अर्थशास्त्र आणि कामगार कायदा लागतो.

मेयो १९४७ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला गेले आणि सप्टेंबर १९४९ मध्ये तिथेच वारले. त्याच सुमाराला आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं होतं. या जागांवर समाजकार्य शिकलेली कितीतरी मुलं-मुली गेली. आज एचआरसाठी नावाजलेली मुंबईची टिस १९३६ मध्ये सुरू झाली, तीसुद्धा समाजकार्य शिकवणारी संस्था म्हणूनच. तिथल्या एचआरच्या मास्टर्सला आजही कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो.

मग आपण काय घ्यायचं?

लोक असे का वागतात याचं कुतूहल असेल, तर बीए सायकॉलॉजी किंवा सोशिऑलॉजी घ्या. पण पगारपत्रक वाचायला आणि कामगार कायदे समजून घ्यायला जोडीने शिका. आकडे आवडत असतील तर कॉमर्स किंवा इकॉनॉमिक्स चांगलं, फक्त माणसांमध्ये वावरायचा सराव हवा. एनएसएस, रात्रशाळेत शिकवणं, एखाद्या कारखान्यातली इंटर्नशिप यातलं काहीतरी कराच. बीबीए केलंत तर मॅनेजमेंटची भाषा लवकर येईल, पण एखादा विषय खोलात जाऊन शिकायची जबाबदारी तुमची. इंजिनीअरिंगला आहात आणि एचआर खुणावतंय? रोथलिसबर्गर तुमच्याच वाटेने आले होते.

आणि समजा चुकीच्या शाखेत दोन वर्षं गेली असतील, तर नव्याने विषय निवडून कॉलेजात परत जाताना एल्टन २६ वर्षांचा होता, हे घरच्यांनाही सांगून बघा.