विश्लेषण : कॅथलिकांनी शहर सोडायला लावले, प्रोटेस्टंटांनी प्रभुभोजन नाकारले, योहान्स केप्लरचा गुन्हा काय होता?

दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात केप्लरचे तीन नियम येतात. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतात, हा त्यातला पहिला. दोन-तीन गुणांपुरते ते पाठ होतात आणि आपण न्यूटनकडे वळतो. पण हे नियम मांडणाऱ्या माणसाला पंथाच्या वादामुळे दोन शहरे सोडावी लागली, तान्ह्या मुलीच्या दफनाच्या वेळी दंड भरावा लागला आणि ज्या पंथासाठी त्याने हे सोसले, त्याच पंथाने त्याला आपल्या पंक्तीतून उठवले. हे धड्यात नसते.

युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात नेमका कशावरून वाद होता, हे समजून घ्यायचे तर केप्लरचे आयुष्य पाहणे हा एक चांगला मार्ग आहे. कारण तो दोन्ही बाजूंच्या कात्रीत सापडला होता.

राजा कोण, यावर देव कसा भजायचा हे ठरे

मार्टिन ल्युथरने १५१७ मध्ये रोमच्या चर्चला आव्हान दिले आणि पश्चिम युरोपातील ख्रिस्ती समाज दुभंगला. पोपचा अधिकार, संतांची आराधना, धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य, पापक्षमेची पत्रे, असे वादाचे मुद्दे अनेक होते. जर्मन संस्थानांत लढाया झाल्यावर १५५५ मध्ये आउग्सबुर्ग येथे तह झाला. त्यानुसार संस्थानिकाचा जो पंथ, तोच प्रजेचा. मान्य नसेल तर घरदार विकून दुसऱ्या संस्थानात जायचे. यात कॅथलिक आणि ल्युथरन या दोघांनाच जागा होती. फ्रेंच धर्मसुधारक जॉन कॅल्विनच्या अनुयायांना या तहात स्थानच नव्हते. पुढच्या गोष्टीत हा तिसरा गट महत्त्वाचा आहे.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतील श्टुटगार्टजवळच्या वाइल डेर श्टाट या गावी झाला. गाव बहुतांश कॅथलिक, घर ल्युथरन. वडील भाडोत्री सैनिक होते आणि ते लढायला गेले ते कॅथलिक स्पेनच्या बाजूने, नेदरलँड्समधील प्रोटेस्टंटांच्या विरोधात! पोट आणि पंथ यांचा मेळ तेव्हाही बसत नसे.

लहानपणीच्या देवीच्या आजाराने केप्लरची नजर अधू झाली होती. मुलगा हुशार म्हणून व्युर्टेंबर्गच्या ल्युथरन ड्यूकची शिष्यवृत्ती मिळाली. ट्युबिंगन विद्यापीठात तो ल्युथरन पाळक होण्यासाठी शिकत होता. तिथे मिखाएल मेस्टलिन या शिक्षकाने त्याला कोपर्निकसचे सूर्यकेंद्री गणित दाखवले. शिक्षण पूर्ण होण्याआधीच, १५९४ मध्ये, त्याला ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात प्रोटेस्टंट शाळेवर गणित शिकवायला पाठवण्यात आले. पाळक व्हायचे राहूनच गेले.

ग्राझमध्ये काय घडले?

ग्राझचा राज्यकर्ता आर्चड्यूक फर्डिनांड हा कट्टर कॅथलिक. सप्टेंबर १५९८ मध्ये त्याने सर्व ल्युथरन पाळक आणि शिक्षकांना प्रांताबाहेर जाण्याचा हुकूम काढला. केप्लरही गेला, पण त्याला महिनाभरात परत येऊ दिले. तो प्रांताचा अधिकृत गणिती होता, दरवर्षीची दिनदर्शिका आणि भाकिते तोच तयार करत असे. हुशार माणूस उद्या कॅथलिक होईल, अशीही काहींची आशा असावी.

पुढच्या वर्षी त्याची मुलगी सुझाना महिन्याभराची असताना मेली. आधीचा मुलगाही असाच तान्हेपणी गेला होता. केप्लरने दफनासाठी कॅथलिक धर्मगुरूला बोलावले नाही, म्हणून त्याच्यावर दंड बसला.

मग ऑगस्ट १६०० मध्ये शेवटची नोटीस आली. शहरातील प्रत्येकाने आयोगासमोर हजर राहून पंथ सांगायचा. कॅथलिक व्हायला तयार नसणाऱ्यांनी निघायचे. केप्लरने नकार दिला. पत्नी बार्बरा ग्राझच्या सधन घरातली, तिची मालमत्ता तिथेच अडकलेली. तरीही ३० सप्टेंबरला गाड्यांवर सामान लादून कुटुंब निघाले ते प्रागला, टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाकडे.

वर्षभरात टायको वारला आणि केप्लर सम्राट रुडॉल्फ दुसरा याचा राजगणिती झाला. म्हणजे कॅथलिक सम्राटाच्या पदरी ल्युथरन गणिती! प्रागमधली वर्षे त्याच्या कामाची सर्वांत चांगली वर्षे ठरली. मंगळाच्या कक्षेचे गणित आणि टायकोच्या नोंदी यांत ८ कलांचा, म्हणजे एका अंशाच्या आठव्या भागाहून थोडा जास्त, फरक येत होता. केप्लरने तो दुर्लक्षित केला नाही, उलट वर्तुळाकार कक्षेची दोन हजार वर्षांची कल्पनाच टाकून दिली. १६०९ मध्ये पहिले दोन नियम प्रसिद्ध झाले.

एका ओळीवरून बहिष्कार

१६११ मध्ये घरात मुलगा आणि मग पत्नी गेली, रुडॉल्फची बोहेमियाची गादीही गेली. केप्लरला ट्युबिंगनला परत जायचे होते. मात्र तिथल्या ल्युथरन धर्माधिकाऱ्यांनी तो छुपा कॅल्विनपंथी असल्याचा संशय घेतला आणि विद्यापीठाचे दार बंद झाले. म्हणून १६१२ मध्ये तो ऑस्ट्रियातील लिंझला गेला. तिथे ल्युथरन समाज होता, आता तरी आपल्या माणसांत आलो असे त्याला वाटले असेल. पण तिथला मुख्य पाळक डॅनिएल हिट्झलर याने त्याला प्रभुभोजन द्यायला नकार दिला.

हा वाद जरा नीट समजून घ्यायला हवा. ख्रिस्ती उपासनेत भाकर आणि द्राक्षारस ग्रहण करण्याचा विधी असतो. नगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्या त्याला प्रभुभोजन म्हणतात, वसईचे कॅथलिक मिस्सेत कम्युनियन घेतात. प्रश्न असा की, त्या भाकरीत येशू कसा असतो? कॅथलिक मतानुसार धर्मगुरूच्या प्रार्थनेने भाकर ही भाकर उरत नाही, दिसायला तशीच राहिली तरी ती येशूचे शरीर होते. ल्युथरन म्हणत, भाकर भाकरच राहते, पण तिच्यासोबत येशूचे शरीरही खरोखर तिथे असते. कॅल्विनचे म्हणणे, शरीर स्वर्गात आहे, श्रद्धावंताला त्याचा लाभ आत्म्याच्या द्वारे होतो.

ल्युथरन धर्मपंडितांनी १५७७ मध्ये एक मसुदा तयार केला, त्याला एकमताचा मसुदा म्हणता येईल. येशूचे शरीर सर्वत्र उपस्थित असू शकते, असे त्यात होते. केप्लरला हे पटत नव्हते. या मुद्द्यावर त्याला कॅल्विनचे म्हणणे जवळचे वाटे. मात्र कोण तरणार, कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवले आहे, ही कॅल्विनची शिकवण त्याला अजिबात मान्य नव्हती. कॅल्विनपंथीयांना शत्रू ठरवणेही त्याला नको होते.

त्याने ही शंका हिट्झलरला स्वतःहून सांगितली. मुकाट सही केली असती तर कोणी विचारलेही नसते. ८ कलांचा फरक न सोडणारा माणूस इथे तरी एक ओळ कशी सोडणार होता? हिट्झलरने बिनशर्त सही मागितली, केप्लरने दिली नाही. श्टुटगार्टच्या धर्मसभेने पाळकाची बाजू घेतली. १६१९ मध्ये ट्युबिंगनमधील त्याचा जुना शिक्षक आणि मित्र हाफेनरेफर यानेही समजावून पाहिले आणि शेवटी बहिष्कार कायम झाला.

लिंझसारख्या छोट्या शहरात याचा अर्थ काय होत असेल, याची कल्पना वाळीत टाकलेल्या घरांच्या गोष्टी ऐकलेल्या मराठी वाचकाला करून द्यायला नको.

त्याच वर्षी कोपर्निकसच्या सिद्धांतावरील त्याच्या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग रोमने बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत टाकला. ग्रहांचा तिसरा नियमही त्याच वर्षी छापून आला.

तारखेवरूनही भांडण

आपल्याकडे टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्यात अधिक मासाचा फरक पडला की कोकणात काही घरांत गणपती महिनाभर आधी येतात. तेव्हाच्या जर्मनीत असे रोजचेच होते. पोप ग्रेगरी तेराव्याने १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. गणित बरोबर होते, पण हुकूम पोपचा होता. त्यामुळे प्रोटेस्टंट संस्थानांनी तो मानला नाही. दोन्ही पंथांचे लोक एका गावात राहत असतील तर एकाचा नाताळ दुसऱ्याच्या १० दिवस आधी.

सम्राट माथियासने १६१३ मध्ये केप्लरला रेगेन्सबुर्गच्या साम्राज्यसभेत नेले. प्रोटेस्टंट असूनही त्याने नव्या दिनदर्शिकेची बाजू घेतली. कोणी ऐकले नाही. जर्मन प्रोटेस्टंटांनी दिनदर्शिका बदलली ती थेट १७०० मध्ये, ब्रिटनने १७५२ मध्ये.

या सगळ्यात केप्लरच्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप झाला. हे ल्युथरन मुलुखात घडले. चेटकिणी शोधण्यात दोन्ही पंथ मागे नव्हते. सत्तरी ओलांडलेली कॅथरिना १४ महिने कैदेत होती, तिला छळाची हत्यारे दाखवून धमकावले गेले. केप्लरने बचावाची बाजू स्वतः सांभाळली. १६२१ मध्ये ती सुटली आणि काही महिन्यांत वारली.

पुन्हा तोच फर्डिनांड

१६१८ मध्ये तीस वर्षांचे युद्ध पेटले. पुढच्याच वर्षी सम्राट झाला तो ग्राझचाच फर्डिनांड. लिंझमध्येही आता प्रोटेस्टंटांना कॅथलिक व्हा किंवा निघा, असा हुकूम आला. राजगणिती म्हणून केप्लरला तूर्त सूट मिळाली, पण त्याच्या पुस्तकांच्या खोलीला सील ठोकले गेले. १६२६ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांनी शहराला वेढा घातला, त्यात छापखाना जळाला. केप्लर उल्मला गेला आणि १६२७ मध्ये ग्रहांच्या स्थानांची रुडॉल्फाइन कोष्टके तिथे छापून घेतली. पंचवीसेक वर्षांचे काम होते ते. अर्पण कोणाला, तर फर्डिनांडला, ज्याने त्याला ग्राझमधून हाकलले होते.

फर्डिनांड खूश झाला. आता केप्लरने कॅथलिक व्हावे, म्हणजे दरबारातील जागा पक्की, असे संकेत मिळू लागले. पाउल गुल्डिन या जेझुइट गणितज्ञ मित्राशी त्याचा यावर पत्रव्यवहार झाला. कॅथलिक शब्दाचा अर्थच सार्वत्रिक, आणि बाप्तिस्मा झाल्यापासून आपण त्या सार्वत्रिक चर्चमध्ये आहोतच, मग धर्मांतर कशाचे, असे त्याचे म्हणणे. मिस्सेतील काही गोष्टी मात्र त्याला मान्य नव्हत्या. ल्युथरनांनी बहिष्कृत केलेल्या माणसाला तेव्हा पंथ बदलायला कारण पुरेसे होते. त्याने बदलला नाही.

शेवटची दोन वर्षे तो सेनापती वॉलेनश्टाइनच्या आश्रयाने सागान येथे राहिला, हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तिथेही प्रोटेस्टंटांवर तोच दबाव सुरू झाला. सम्राटाकडून जवळपास १२ हजार गुल्डनची वेतनाची थकबाकी होती. ती पदरात पडते का हे पाहायला १६३० च्या शरद ऋतूत तो रेगेन्सबुर्गला गेला आणि तापाने आजारी पडला. १५ नोव्हेंबरला तो वारला. जुनी दिनदर्शिका वापरणाऱ्यांच्या लेखी तो दिवस ५ नोव्हेंबर होता.

त्याला शहराच्या तटाबाहेर, प्रोटेस्टंटांच्या स्मशानभूमीत पुरले. दोन-तीन वर्षांत युद्ध तिथवर पोहोचले आणि ती स्मशानभूमी उद्ध्वस्त झाली. कबर नेमकी कुठे होती, हे आज सांगता येत नाही.