खवल्यावर माशाचे वय वाचणारे योहान योर्ट

काही वर्षे हेरिंग माशांनी जाळी भरायची, मग अनेक वर्षे मच्छीमारांच्या घरात दुष्काळ. नॉर्वेच्या किनाऱ्यावर असे का होते? मासे दुसरीकडे निघून जातात, हाच तेव्हाचा समज होता.

१८६९मध्ये जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ योहान योर्ट १९०६मध्ये बर्गनला मत्स्यव्यवसाय संचालक झाले. त्यांनी उत्तर शोधले ते माशाच्या खवल्यात. हिवाळ्यात वाढ मंदावते आणि खवल्यावर वलय उमटते. वलये मोजली की वय कळते. त्यांमधील अंतरावरून वाढीचा वेग.

योर्ट आणि सहकाऱ्यांनी हजारो मासे तपासले. १९०४मध्ये जन्मलेली एकच पिढी प्रौढ होऊन अंडी घालायला किनाऱ्याशी आली आणि पुढे कित्येक वर्षे जाळ्यात तिचाच भरणा राहिला. म्हणजे मासे निघून जात नव्हते. काही वर्षी पिल्लेच फार कमी जगत होती.

अंड्यातील बलक संपताच पिल्लांना अन्न मिळाले, तरच पिढी तगत असावी, असा तर्क त्यांनी १९१४च्या ग्रंथात मांडला. तो आजही तपासला जातो.

योर्ट १९४८मध्ये निवर्तले. समुद्रातून किती मासे काढावेत, हे ठरवताना मात्र आजही आधी पाहतात ते माशांचे वय आणि ते प्रौढ कधी होतात.