बियो : खेड्यापाड्यांत फिरलेला शास्त्रज्ञ

पदार्थविज्ञानाच्या तासाला बायोट-सॅव्हर्टचा नियम आपण सारेच घोकतो. यातल्या बायोटचे खरे नाव जाँ-बातिस्त बियो, हे मला ग्रंथालयात एक जुने पुस्तक चाळताना कळले. त्याचे चरित्र वाचले आणि माझी मलाच लाज वाटली. का, ते शेवटी सांगतो.

बियोचा जन्म २१ एप्रिल १७७४ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्या काळी आकाशातून दगड पडतात असे खेडूत सांगत आणि विद्वान हसत. १७६८ साली फ्रान्समधील ल्युसे येथे पडलेला दगड आकाशातला नव्हे, असा निर्वाळा तपासणी करणाऱ्यांनी दिला होता. त्यांत लाव्हाझियेसारखा थोर रसायनशास्त्रज्ञही होता. १७९४ साली जर्मनीच्या क्लाड्नीने आगीचे गोळे व दगड अवकाशातूनच येतात असे लिहिले, पण ते फारसे कोणाला पटले नाही. १८०२ साली इंग्लंडात हॉवर्डने अशा दगडांचे पृथक्करण केले. त्यांत १७९८ साली आपल्या काशीजवळ पडलेला दगडही होता. त्यांच्यातील धातूत निकेल सापडले, आणि हसणारे थोडे गंभीर झाले.

अशातच २६ एप्रिल १८०३ रोजी भर दुपारी नॉर्मंडीतील लेगल गावाजवळ आकाशात स्फोट झाले आणि दगडांचा वर्षाव झाला. दूरदूरच्या लोकांनी अग्निगोलही पाहिला. मंत्री शाप्ताल याने चौकशीसाठी अवघ्या एकोणतीस वर्षांच्या बियोला पाठविले.

बियो थेट लेगलला गेला नाही. दूरच्या गावांपासून त्याने विचारपूस सुरू केली. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या हकिकती तो ताडून पाहत होता. त्या भागातील खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्याही त्याने पाहिल्या. तसला दगड तिथे कुठेच नव्हता. दगड जिथे पडले तो पट्टा सुमारे दहा किलोमीटर लांब व चार किलोमीटर रुंद भरला. दगड दोन-तीन हजार असावेत, असा त्याचा अंदाज होता. जुलै महिन्यात त्याने अहवाल वाचला आणि उल्कापाषाण आकाशातून पडतात, हे विद्वानांनी मान्य केले.

पुढे १८०४ साली तो गे-ल्युसॅकबरोबर बलूनमधून आकाशात गेला. १८२० साली सावारबरोबर तो प्रसिद्ध नियम मांडला. १८४८ साली तरुण पाश्चरचा शोध कानी आला, तेव्हा या वृद्धाने स्वतः साहित्य देऊन तोच प्रयोग आपल्यासमोर करवून घेतला, आणि खात्री पटताच त्याचा हात धरला. ३ फेब्रुवारी १८६२ रोजी बियो निवर्तला.

आता माझी गोष्ट. गेल्या दिवाळीत आजोबांनी सांगितले की, लहानपणी त्यांनी एका रात्री डोंगरामागे जळता गोळा उतरताना पाहिला होता. मी विज्ञानाचा विद्यार्थी! भुताखेतांच्या गोष्टी म्हणून मी हसलो. आजोबा गप्प झाले.

बियो वाचल्यावर सुट्टीत मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो. दिशा कोणती, प्रकाश किती वेळ होता, आवाज आला का, सारे विचारले. त्यांना बरेच आठवत होते. दगड सापडलेला नाही, सापडेलच असेही नाही. पण न विचारताच हसणे हे विज्ञान नव्हे, एवढे मात्र मला कळले.