३९ अंकी मूळ संख्येचा मानकरी

एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७ या मूळ संख्या शाळेतच भेटतात. मात्र, १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही ३९ अंकी संख्या मूळ आहे, हे संगणकाविना सिद्ध करणे ही तपश्चर्याच. ती १८७६ मध्ये फळास आणली फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी.

फ्रान्समधील आमियाँ येथे १८४२ मध्ये जन्मलेल्या ल्युका यांनी शिक्षणानंतर पॅरिसच्या वेधशाळेत काम केले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्याचे अधिकारी होते. पुढे मात्र त्यांनी अध्यापनाचा पेशा पत्करला आणि पॅरिसमधील सें-लुई व शार्लमान्य या विद्यालयांत गणित शिकविले.

दोनच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्यांपैकी कोणत्या मूळ आहेत, याची यादी मारँ मेर्सेन या धर्मगुरूने १६४४ मध्ये दिली होती. त्यात ६७ आणि १२७ हे घात होते. ल्युका यांनी १२७ बाबतचे विधान खरे ठरविले आणि ६७ बाबतचे खोटे. विशेष म्हणजे, दुसऱ्या संख्येचा एकही अवयव न शोधता तिचे विभाज्यत्व त्यांनी दाखवून दिले. तिचे अवयव १९०३ मध्ये अमेरिकी गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले.

ल्युका यांची कसोटी सोपी, पण चिवट होती. उदाहरणार्थ, १२७ ही संख्या म्हणजे दोनचा सातवा घात वजा एक. ती तपासण्यासाठी ३ पासून आरंभ करावा. वर्ग करून २ वजा करावेत आणि १२७ ने भागून बाकी घ्यावी. क्रमाने ३, ७, ४७, ४८, १६ आणि अखेर शून्य येते. सहाव्या स्थानी शून्य आले, म्हणजे १२७ मूळ. ३९ अंकी संख्येसाठी अशा १२५ पायऱ्या चढाव्या लागतात आणि एका आकड्याची चूकही सारे श्रम मातीमोल करते.

१९५१ पर्यंत यापेक्षा मोठी मूळ संख्या कोणालाही सापडली नाही.

गणिताची गोडी सामान्यांना लागावी, यासाठीही ल्युका झटले. चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर हलविण्याचा ‘हनोईचा मनोरा’ हा खेळ त्यांनी १८८३ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केला. त्यातील किमान चालींची संख्याही दोनच्या घातातून एक वजा करूनच मिळते.

१८९१ मध्ये एका मेजवानीत फुटलेल्या ताटलीचा तुकडा त्यांच्या गालाला लागला. जखम चिघळली आणि ३ ऑक्टोबर रोजी, अवघ्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची कसोटी मात्र टिकली. डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये तिला अधिक सुटसुटीत रूप दिले. २०२४ मध्ये सापडलेल्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी मूळ संख्येवर शिक्कामोर्तब झाले, तेही याच कसोटीने.