सर्कशीच्या तंबूबाहेरचा पहारेकरी

१८८० सालचा एप्रिल महिना. न्यूयॉर्क शहरात पी. टी. बार्नम यांच्या सर्कशीचा खेळ रंगात आला होता. 'सॅलमँडर' नावाचा घोडा पेटत्या कड्यांतून उडी घेतो, हे त्या मोसमातील मोठे आकर्षण होते. या कसरतीत घोड्याचा छळ होतो, असा आक्षेप घेऊन शहरातील प्राणिरक्षक संस्थेच्या अध्यक्षांनी ती बंद करण्यास फर्मावले होते. बार्नम यांनी या आदेशाचाच खेळ केला. भरगच्च प्रेक्षागारासमोर ते स्वतः रिंगणात उतरले आणि पेटत्या कड्यांतून शांतपणे चालत गेले. त्यांच्या मागोमाग विदूषक गेले, घोडा गेला आणि अखेर खुद्द त्या संस्थेचा अधीक्षकही कड्यांतून सुखरूप बाहेर आला. ज्वाळा रासायनिक मिश्रणाच्या होत्या. त्यांनी कोणालाही चटका बसला नाही. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ज्यांनी आक्षेप घेतला होता, ते हेन्री बर्ग मात्र तेथे उपस्थित नव्हते.

त्या दिवशी बर्ग हरले, हे खरेच. तथापि प्राण्यांना खेळायला लावणाऱ्या व्यवसायाला जाब विचारता येतो, ही कल्पना अमेरिकेत रुजवली ती याच हरलेल्या माणसाने.

हेन्री बर्ग यांचा जन्म १८१३ साली न्यूयॉर्कमध्येच झाला. वडील ख्रिश्चन बर्ग हे नामांकित जहाजबांधणी व्यावसायिक. घरात सुबत्ता होती आणि मुलाला उपजीविकेची चिंता कधीच नव्हती. कोलंबिया कॉलेजातील शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले, १८३९ मध्ये विवाह केला आणि पुढे पत्नीसह युरोपची भटकंती केली. नाटककार व्हावे ही त्यांची मोठी आकांक्षा होती. त्यांनी नाटके लिहिलीही, परंतु त्यांना यश आले नाही. स्पेनमध्ये पाहिलेल्या बैलांच्या झुंजीने ते अस्वस्थ झाले होते. पण त्या अस्वस्थतेला त्या वेळी काही वाट सापडली नाही. पन्नाशीला पोहोचेपर्यंत बर्ग हे एक सुखवस्तू, सुसंस्कृत आणि काहीसे निरुद्योगी गृहस्थ होते.

१८६३ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी त्यांची सेंट पीटर्सबर्ग येथील अमेरिकी वकिलातीत सचिव म्हणून नियुक्ती केली. तेथील रस्त्यावर एक गाडीवान आपल्या घोड्याला बेदम मारत असल्याचे त्यांनी पाहिले आणि राजनैतिक अधिकाराच्या बळावर त्याला थांबवले. आपल्या शब्दाने एका मुक्या जिवावरचा मार थांबू शकतो, हा अनुभव त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला. परतीच्या प्रवासात ते लंडनला थांबले. तेथे १८२४ पासून प्राणिरक्षणासाठी संस्था कार्यरत होती. तिच्या पदाधिकाऱ्यांना भेटून त्यांनी कामाची पद्धत समजून घेतली आणि तशीच संस्था अमेरिकेत उभी करण्याचा निश्चय केला.

फेब्रुवारी १८६६ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लिंटन हॉलमध्ये त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले. शहरातील प्रतिष्ठितांचा पाठिंबा मिळवला. १० एप्रिल रोजी अमेरिकेतील पहिल्या प्राणिरक्षक संस्थेला सनद मिळाली आणि त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने क्रूरताविरोधी कायदाही केला. पुढच्याच वर्षी तो अधिक व्यापक करण्यात आला. जनावर आपल्या मालकीचे असले तरी त्याचा छळ करण्याचा हक्क मालकाला नाही, हे या कायद्याचे मूलतत्त्व होते. एकोणिसाव्या शतकात, घोडा म्हणजे केवळ मालमत्ता समजल्या जाणाऱ्या शहरात, हा विचार धाडसी होता. विशेष म्हणजे संस्थेच्या कर्मचाऱ्यांना अटकेचे अधिकारही मिळाले. हे अधिकार संस्थेने २०१३ च्या अखेरीपर्यंत वापरले. त्यानंतर ही जबाबदारी शहर पोलिसांकडे गेली.

बर्ग कार्यालयात बसून राहणारे अध्यक्ष नव्हते. उंच, सडपातळ बांधा, लांबट चेहरा, गळालेल्या मिशा आणि डोक्यावर उंच रेशमी टोपी अशी त्यांची मूर्ती न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ओळखीची झाली. माणसांनी खच्चून भरलेली घोड्यांची ट्राम दिसली की ते ती भर रस्त्यात अडवीत आणि उतारूंना खाली उतरवीत. पाय बांधून गाडीत एकावर एक रचलेली वासरे, जखमी घोड्याला जुंपणारे गाडीवान, कुत्र्यांच्या झुंजी लावणारे अड्डे या सर्वांविरुद्ध त्यांनी खटले भरले. १८६६ मध्येच, जिवंत समुद्री कासवांच्या पायांना भोके पाडून, दोर ओवून त्यांना उलथे ठेवून आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला त्यांनी न्यायालयात खेचले. खटला ते हरले. वृत्तपत्रांनी थट्टा केली. परंतु त्या थट्टेमुळेच त्यांचे नाव घराघरांत पोहोचले. नको तिथे नाक खुपसणारा माणूस, अशी त्यांची ख्याती झाली.

त्यांच्यावर अनेकदा एक आरोप होई. माणसे दुःखात असताना हा गृहस्थ जनावरांची काळजी वाहतो, असे टीकाकार म्हणत. त्याला उत्तर मिळाले ते १८७४ साली. मेरी एलन विल्सन या लहान मुलीचा घरात होणारा छळ थांबवण्यासाठी कोणतीच यंत्रणा पुढे येत नव्हती, तेव्हा एका समाजसेविकेने बर्ग यांचे दार ठोठावले. त्यांचे वकील एलब्रिज गेरी यांनी प्रकरण न्यायालयात नेले. मुलीची सुटका झाली आणि त्यातूनच बालकांच्या रक्षणासाठी स्वतंत्र संस्था जन्माला आली.

सर्कस आणि पशुसंग्रहालयांचा व्यवसाय मात्र बर्ग यांच्यापुढचे सर्वांत अवघड कोडे ठरला. बार्नम यांच्याशी त्यांचा पहिला सामना झाला तो सापांवरून. बार्नम यांच्या ब्रॉडवेवरील संग्रहालयात अजगरासारख्या मोठ्या सापांना जिवंत ससे खायला घातले जात. बर्ग यांनी त्याला हरकत घेतली. बार्नम यांनी हार्वर्डचे ख्यातनाम निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ यांच्याकडून, सापांना जिवंत भक्ष्यच लागते, असा अभिप्राय मिळवला आणि हा सारा पत्रव्यवहार वृत्तपत्रात छापून आणला. वाद वाढला तशी संग्रहालयाची प्रसिद्धीही वाढली. बर्ग यांचा आक्षेप हीच बार्नम यांची जाहिरात ठरू लागली.

खरी अडचण याहून खोल होती. बर्ग यांच्या कायद्याला डोळ्यांना दिसणारा छळ हवा असे. चाबकाचा वळ, जखम, रक्त, उपासमार यांची साक्ष देता येत होती. सर्कशीच्या रिंगणात मात्र जनावर तजेलदार दिसे, संगीत वाजत असे आणि प्रेक्षक खूश असत. ते जनावर आगीच्या कड्यात उडी घ्यायला कसे शिकले, हत्ती दोन पायांवर उभा राहायला कसा तयार झाला, हे तंबूच्या मागे घडे आणि तेथे साक्षीदार नसे. पिंजऱ्यात जन्म काढण्याला तर क्रूरता म्हणण्याचीही तेव्हा प्रथा नव्हती. १८६५ आणि १८६८ मध्ये बार्नम यांची संग्रहालये जळाली, तेव्हा असंख्य प्राणी कोंडलेल्या अवस्थेतच मेले. पण तो अपघात होता, गुन्हा नव्हे. १८८० सालच्या त्या रिंगणात बर्ग हरले ते यामुळेच. त्यांनी दिसणाऱ्या ज्वाळांवर बोट ठेवले आणि ज्वाळा खोट्या निघाल्या. न दिसणाऱ्या शिकवणीबद्दल प्रश्न विचारायला त्यांच्याकडे कलम नव्हते.

आश्चर्य असे की या दोन प्रतिस्पर्ध्यांत पुढे स्नेह निर्माण झाला. आपल्या ब्रिजपोर्ट गावी बार्नम स्वतः प्राणिरक्षणाच्या कामात सहभागी झाले आणि आपण तेथील बर्ग आहोत, असे अभिमानाने सांगू लागले. यात व्यावसायिकाचा धूर्तपणा किती आणि मनःपरिवर्तन किती, हे ठरवणे कठीण आहे. बर्ग यांची सतत नजर आहे, ही जाणीव मात्र सर्कशीच्या धंद्यात मुरली, हे निश्चित.

१२ मार्च १८८८ रोजी, न्यूयॉर्क शहर प्रचंड हिमवादळाखाली गाडले गेले असताना, हेन्री बर्ग यांचे निधन झाले. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड स्मशानभूमीत ते विसावले आहेत.

त्यांचे अपुरे काम इतरांनी पुढे नेले. कादंबरीकार जॅक लंडन यांच्या मृत्यूनंतर, १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीने तंबूमागचे प्रशिक्षण वाचकांसमोर मांडले. त्यातून स्फूर्ती घेऊन १९१८ पासून ठिकठिकाणी मंडळे निघाली. जनावरांचा खेळ सुरू होताच सभागृहातून उठून जायचे, एवढाच त्यांच्या सभासदांचा निर्धार असे. बर्ग यांना जो साक्षीदार कधी मिळाला नाही, त्याची जागा प्रेक्षकाच्या सदसद्विवेकाने घेतली.

आपल्याकडेही हा प्रवास समांतर झाला. सॅलमँडर न्यूयॉर्कच्या रिंगणात उतरला त्याच १८८० साली विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत पहिल्या भारतीय सर्कशीचा खेळ केला. जनावरांच्या छळाविरुद्ध काम करणारी संस्था मुंबईत त्याआधीच, १८७४ मध्ये, स्थापन झाली होती. भारतात १९६० च्या कायद्याने खेळ करणाऱ्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

बार्नम यांचे नाव मिरवणाऱ्या सर्कशीने मे २०१६ मध्ये हत्तींचे खेळ थांबवले, मे २०१७ मध्ये तंबू गुंडाळला आणि २०२३ मध्ये ती पुन्हा उभी राहिली, ती एकाही प्राण्याविना. २०१७ मध्येच न्यूयॉर्क शहराने सर्कशीत वन्य प्राणी वापरण्यास बंदी करणारा कायदा केला. हेन्री बर्ग ज्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्राम अडवीत फिरले, त्याच शहराने त्यांच्या पराभवानंतर सदतीस अधिक शंभर वर्षांनी हा निकाल दिला. या वेळी कड्यांतल्या ज्वाळा खऱ्या की खोट्या, हा प्रश्न कोणी विचारला नाही.